भट्टी झुलू लागते तेव्हा



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘कामगार संघटक’ असे छापले आहे, आणि त्याखाली विषय दिला आहे तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नियंत्रणशास्त्र कसे शिकवावे हा. पत्रिका वाचून आमच्या एका जुन्या स्नेह्याने विचारले, “छापखान्यात दोन ओळींची अदलाबदल तर झाली नाही ना?” शंका रास्त आहे. आमचे शाळेतील शिक्षण दहावीत आटोपले. त्यानंतरचे जे काही झाले ते कारखान्याच्या पाळीत, युनियनच्या कचेरीत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात झाले. अशा माणसाने पदवीच्या वर्गात काय शिकवावे हे सांगू नये, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. पण न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात एक चांगली रीत पडली आहे. शास्त्र जाणणाऱ्याने ते चारचौघांना उमजेल असे सांगावे, आणि चारचौघांनीही शास्त्राविषयीचा आपला अनुभव सांगण्यास भिऊ नये. त्या रीतीच्या आधाराने आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

विषयाचे नाव भारी असले तरी वस्तू घरातलीच आहे. गॅसवर दूध ठेवून घरची माउली दुसरे काम करीत असते. तिचे लक्ष दूध किती वर आले याकडे असते, पण त्याहून अधिक ते किती वेगाने वर येत आहे याकडे असते. दूध काठाला लागण्याची ती वाट पाहत नाही. ते भराभर चढू लागले की ती आधीच आच कमी करते. नवशिका मनुष्य काठापर्यंत थांबतो आणि मग ओटा पुसत बसतो. आता न्हाणीघरात चला. गीझर दूर आहे, नळी लांब आहे. पाणी थंड लागते म्हणून आपण गरम पाण्याची तोटी फिरवितो. काही फरक पडत नाही. आणखी फिरवितो. मग एकदम चटका बसतो. घाईघाईने उलट फिरवितो, आणि थोड्या वेळाने पुन्हा हुडहुडी भरते. तोटी तीच, हातही तोच. पण आपण जे केले त्याची खबर आपल्याला उशिरा मिळते, आणि मधल्या वेळात आपण जादा करून बसतो.

पाहावयाचे, हवे असलेल्या गोष्टीशी ताडावयाचे, जेवढा फरक असेल तेवढा हात हलवावयाचा, आणि हलविल्यावर पुन्हा पाहावयाचे. हे चक्र म्हणजे नियंत्रण. मागे येणाऱ्या खबरीला शास्त्रात ‘फीडबॅक’ म्हणतात. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात आम्ही तिला ‘परतखबर’ म्हणतो. परतखबर वेळेवर आली आणि हात बेताने हलला, तर वस्तू ठिकाणावर राहते. खबर उशिरा आली, किंवा हात अधाशी असला, तर वस्तू झुलू लागते. झोका वाढत गेला तर काहीतरी मोडते, आणि पुष्कळदा ते मोडणारे काहीतरी म्हणजे माणूस असतो. बॉयलरमधील पाण्याची पातळी, विमानाचा तोल, विजेच्या जाळ्याची वारंवारता, रुग्णालयातील श्वासयंत्र, या सर्वांत हेच चक्र फिरत असते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या मधल्या वर्षांत ‘कंट्रोल सिस्टिम्स’ या नावाचा विषय नेमलेला असतो.

या विषयाशी आमची गाठ पडली ती एका भाजलेल्या हातामुळे.

साल २००७. आम्ही तेव्हा एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कामगारांचे प्रतिनिधी होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे गिअरचे दाते टणक करण्यासाठी गॅसची एक जुनी भट्टी होती, आणि तिचे तापमान सुमारे ८५० अंशांवर धरावे लागे. तापमान मोजण्यासाठी भट्टीत थर्मोकपल असे, त्याच्यावर संरक्षक नळी असे. त्याने दिलेल्या खबरीवरून कंट्रोलर गॅसचा व्हॉल्व्ह उघडी-मिटी. या भट्टीवर अठरा वर्षे काम केलेला आमचा एक सहकारी होता. एका रात्रपाळीत बर्नरची ज्योत गेली, आणि ती पुन्हा पेटविताना भडका बाहेर आला. त्याचा उजवा हात आणि गालाची एक बाजू भाजून निघाली.

तो रुग्णालयात असतानाच आरोपपत्र आले. कंट्रोलर ‘ऑटो’वर ठेवावा असा लेखी हुकूम असताना त्याने तो ‘मॅन्युअल’वर घेतला, सबब अपघातास तोच जबाबदार, आणि त्याला कामावरून कमी का करू नये याचे कारण त्याने दाखवावे. खात्याच्या चौकशीत त्याने जबाब दिला तो असा : “साहेब, भट्टी झुलायला लागली होती. दर सहा मिनिटांनी खालवर. परतीचा झोका आधीपेक्षा मोठा. म्हणून मी हातात घेतली.” लिहिणाऱ्याने कागदावर नोंद केली : ‘कामगारास समाधानकारक कारण सांगता आले नाही.’

त्याचा बचाव आम्हांला करावयाचा होता. आम्ही भट्टीचे चार्ट मागविले. त्या काळी तापमानाची रेघ कागदाच्या गुंडाळीवर उमटत असे. महिनोन्महिने ती रेघ ८४५ आणि ८५५ यांच्यामध्ये सरळ चालली होती. अपघाताच्या दोन दिवस आधीपासून ती डोलू लागली, आणि त्या रात्री तर ८२० ते ८८० पर्यंत हिंदकळत होती. देखभालीची नोंदवही पाहिली. आदल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी थर्मोकपलची जुनी नळी खराब झाली म्हणून नवी बसविली होती. जुन्या मापाची नळी भांडारात नव्हती, म्हणून जाड बसविली होती. नळी जाड झाली आणि भट्टी झुलू लागली, इतके दिसत होते. पण ‘दिसते’ एवढ्यावर चौकशीत भागत नाही, ‘का’ हेही सांगावे लागते.

म्हणून आम्ही नागरथ आणि गोपाल यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानातून विकत घेतले. पहिले प्रकरण समजले. पुढे लाप्लासचे रूपांतर आले, आणि आम्ही नदीच्या काठावर चपला हातात घेऊन उभे राहिलो. अखेर रात्रशाळेतून निवृत्त झालेले एक गणिताचे गुरुजी धावून आले. त्यांना यंत्र ठाऊक नव्हते, आम्हांला गणित ठाऊक नव्हते. दोघांचा मिळून एक विद्यार्थी झाला. चौकशीच्या तारखा चार महिने लांबल्या, आणि तेवढ्या काळात आम्हांला नेमके हवे ते कळले. उष्णता नळीतून थर्मोकपलपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. नळी जाड केली की वेळ वाढतो, म्हणजे परतखबर शिळी होते. कंट्रोलरचा हात मात्र पातळ नळीच्या हिशेबाने बसविलेला. खबर शिळी आणि हात पूर्वीचाच, म्हणून झोका. पुस्तकाच्या भाषेत याला चक्रात एक ‘पोल’ वाढविणे म्हणतात, किंवा असलेला पोल मंद करणे म्हणतात.

व्यवस्थापनाच्या बाजूने साक्षीला त्या विभागाचा तरुण इंजिनिअर आला. इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, पहिला वर्ग, पहिलीच नोकरी, आणि अद्याप कायम झालेला नाही. आम्ही चार्ट त्याच्यापुढे पसरला आणि विचारले, “ही रेघ आपण ओळखता काय?” तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “ही अस्थिर होत चाललेल्या सिस्टिमची रेघ आहे.” आम्ही विचारले, “कामगार झुलणे म्हणाला ते हेच काय?” तो म्हणाला, “होय.” “नळी बदलल्यामुळे असे होऊ शकते काय?” त्याने एकदा आपल्या अधिकाऱ्यांकडे पाहिले, आणि सांगितले, “होऊ शकते.”

बाहेर चहाच्या टपरीवर तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “काका, पोल वाढवल्यावर काय होतं हे मी परीक्षेत सोडवलंय. पूर्ण मार्क मिळालेत. पोल म्हणजे जाड नळी असू शकते, हे मला आज कळलं. ते त्या दिवशी कळलं असतं तर त्यांचा हात वाचला असता.”

आरोपपत्र मागे घेतले गेले. आमच्या सहकाऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली, आणि त्याला भांडारात हलके काम मिळाले. त्या तरुणाला मात्र कायम केले गेले नाही. त्या ‘होऊ शकते’ची किंमत त्याने भरली. त्याचे हे ऋण आमच्यावर आहे, आणि आजचे भाषण म्हणजे त्या ऋणाचा एक लहानसा हप्ता समजावा.

मंडळी, आता कोणी म्हणेल की याचा अर्थ गणित निरुपयोगी, अनुभव तेवढा खरा. आमच्या कामगारबंधूंतही असे बोलणारे आहेत, आणि त्यांच्याशी आमचे नेहमी वाजते. आमच्या सहकाऱ्याला भट्टी झुलते हे कळले होते, पण का झुलते हे कळले नव्हते. त्याला निर्दोष ठरविले ते गणिताने. तेव्हा गणित हवेच. प्रश्न एवढाच आहे की विद्यार्थ्याची गाठ आधी कशाशी घालावी. याचे उत्तर या शास्त्राच्या इतिहासातच लिहिलेले आहे.

जेम्स वॅट याने १७८८ साली आपल्या वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. एंजिन वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप मिटू लागे. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली काढली, त्या काळी जगभर गिरण्या चालत त्या वाफेवर, आणि वाफेला लगाम होता तो या गोळ्यांचा. पुढे कारागिरी सुधारली, सांध्यांतील घर्षण कमी झाले, तसे हे नियामक झुलू लागले. यंत्र अधिक चांगले झाले आणि बिघडले! एंजिनावरच्या माणसांनी ते झुलणे आधी पाहिले, त्यावर नाना उपाय केले, आणि त्यानंतर १८६८ साली मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने नियामकांवर निबंध लिहून झोका केव्हा विरतो आणि केव्हा वाढतो याची गणिती अट मांडली. राउथने १८७७ साली ती पुढे नेली. आज आमची मुले परीक्षेत राउथचा तक्ता मांडतात. तो तक्ता कोणाच्या अडचणीतून जन्माला आला, हे त्यांच्यापैकी किती जणांना सांगितले जाते?

दुसरी गोष्ट मिनोर्स्की याची. रशियात जन्मलेल्या या इंजिनिअरला अमेरिकेच्या आरमारासाठी जहाजाचे सुकाणू आपोआप धरणारे यंत्र करावयाचे होते. त्याने सुकाणूवरचा अनुभवी माणूस काय करतो हे बारकाईने पाहिले. कसलेला सुकाणूवाला केवळ आत्ता किती चूक आहे एवढेच पाहत नाही. चूक कोणत्या वेगाने वाढते आहे हे तो पाहतो, आणि वारा सतत एका बाजूने रेटीत असेल तर मागे साचलेल्या चुकीचा हिशेब ठेवून सुकाणू थोडे वाकडेच धरून ठेवतो. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावरील तांडेलाला हे सांगितले तर तो हसेल. त्याच्या आज्यापणज्यांना ते ठाऊक होते. मिनोर्स्कीने १९२२ साली हे समीकरणात बसविले. आज कारखान्याकारखान्यांत जो ‘पीआयडी’ कंट्रोलर दिसतो, त्याची तिन्ही अक्षरे म्हणजे या तीन गोष्टी : आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चुकीचा वेग. कामगाराच्या हातात जे होते तेच शास्त्रज्ञाच्या कागदावर आले. मौज अशी की ‘गव्हर्नर’ आणि ‘सायबरनेटिक्स’ हे दोन्ही शब्द मुळात सुकाणूधाऱ्यावरूनच आले आहेत.

आपण तर इलेक्ट्रॉनिक्सवाले, आपला भट्ट्यांशी आणि जहाजांशी काय संबंध, असे काही विद्यार्थी म्हणतात. त्यांच्यासाठी तिसरी गोष्ट. टेलिफोनचा आवाज दूर न्यावयाचा तर वाटेत वारंवार मोठा करावा लागे, आणि प्रत्येक ठिकाणी तो थोडा बिघडे. बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक या तरुणाला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना, न्यूयॉर्कजवळच्या नदीतील नावेत, उपाय सुचला, आणि त्याने तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर लिहून काढला. मोठा केलेला आवाज थोडा मागे आणून मूळ आवाजातून वजा करावयाचा. ताकद कमी होते, पण शुद्धता मिळते. पेटंट मिळण्यास त्याला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. पण हे अॅम्प्लिफायरही झुलू लागत, शिट्ट्या मारीत. ते केव्हा झुलतील हे नायक्विस्टने १९३२ साली सांगितले, आणि पुढे बोडे याने ते हाताळण्याच्या आलेखपद्धती दिल्या. म्हणजे सेमीलॉग कागदावर मुले जो बोडे-आलेख काढतात, तो त्यांच्याच घराण्यातला आहे. भट्टीचे झुलणे आणि ध्वनिक्षेपकाची शिट्टी ही सख्खी भावंडे आहेत.

आता वर्गात काय चालते ते पाहू. आमचा तो तरुण मित्र कारखाना सुटल्यावर पुढे शिकला आणि आज एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हाच विषय शिकवितो. त्याची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचा पैसा, आणि सुट्टीत काही नाही. त्याच्या आग्रहावरून आम्ही अनेकदा त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. अभ्यासक्रम असा की ठोकळाचित्रे, राउथ, मूळपथ, बोडे, नायक्विस्ट आणि अवस्थाचलांचे गणित हे सारे एका सत्रात उरकावयाचे. परीक्षेत प्रश्न तेच, आकडे तेवढे बदललेले. विद्यार्थी पायऱ्या पाठ करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण पायऱ्यांनाच गुण आहेत. प्रयोगशाळेत बंद पेट्या आहेत. वर बटणे, आत काय आहे ते झाकलेले. बाकीचे संगणकावर होते. संगणक चांगला सोबती आहे, पण विद्यार्थ्याने मुद्दाम सांगितल्याशिवाय त्यातला व्हॉल्व्ह अडकत नाही, नळी जाड होत नाही, आणि थर्मोकपलची तार उंदीर कुरतडीत नाही. हा शिक्षकांवर आरोप नव्हे. ज्या शिक्षकाला पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ठाऊक नसते, त्याने प्रयोगशाळा उभारावी ही अपेक्षा करणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावे.

तरीही त्या मुलाने एक गोष्ट केली, आणि ती सांगण्यासाठीच आम्ही इतके बोललो. त्याने एक लाकडी पेटी केली. आत शंभर वॅटचा जुन्या धर्तीचा दिवा, बाहेर तो कमीजास्त करण्याचे बटण, आत एक थर्मोकपल आणि बाहेर त्याचा आकडा. खर्च हजार-दीड हजार रुपये. पहिल्याच तासाला, एकही समीकरण लिहिण्यापूर्वी, तो विद्यार्थ्यांना सांगतो : “हाताने साठ अंश धरून दाखवा.” एक जण आकडा मोठ्याने वाचतो, एक जण बटण फिरवितो, तिसरा दर पंधरा सेकंदांनी फळ्यावर ठिपका काढतो. मुलांना प्रथम हसू येते. पाच मिनिटांनी हसू थांबते. मग तो थर्मोकपलवर पितळेची जाड नळी चढवितो आणि पुन्हा धरावयास सांगतो. फळ्यावरची रेघ हिंदकळू लागते, आणि बटणावरचा विद्यार्थी ओशाळतो. तेव्हा शिक्षक विचारतो, “काय बदलले?” उत्तर मुलेच देतात. त्यानंतर खडू हातात घेऊन तो समीकरण मांडतो, आणि त्यातल्या एकेका अक्षराला पेटीतली एकेक वस्तू दाखवितो. पुढच्या तासाला झिग्लर आणि निकल्स यांची १९४२ सालची रीत. कंट्रोलरचा हात मुद्दाम वाढवीत नेऊन चक्र एकसारखे झुलवावयाचे, त्या वेळी हात किती होता आणि झोक्याला किती वेळ लागला हे मोजावयाचे, आणि त्यावरून योग्य हात ठरवावयाचा. ती रीत शिकताना आम्हांला आमच्या सहकाऱ्याचे ‘दर सहा मिनिटांनी’ आठवले. शास्त्राला जो आकडा मोजून हवा असतो तो त्याने जबाबात दिला होता, आणि आपण तो खोडून टाकला होता.

एकदा आम्ही त्या सहकाऱ्यालाच वर्गात घेऊन गेलो. तोवर तो निवृत्त झाला होता. प्रथम तो आत यावयास तयार होईना. मुलांनी खुर्ची दिली, पेटी पुढे ठेवली, जाड नळी चढविलेलीच होती. त्याने आखडलेल्या बोटांत बटण धरले आणि दहा मिनिटांत साठावर आणून ठेवले. रेघ एकदाच काय ती वर गेली. एका मुलीने विचारले, “आजोबा, तुम्ही नेमकं काय केलंत?” तो म्हणाला, “मी आकडा बघत नाही बाळ. आकडा कुठल्या अंगाला पळतोय आणि किती जोरात, ते बघतो. पळायला लागायच्या आत हात मागं घ्यायचा.” शिक्षकाने काही न बोलता फळ्यावर चुकीच्या वेगाची संज्ञा लिहिली आणि खाली रेघ ओढली. त्या वर्गातील मुलांना ती संज्ञा पुन्हा शिकवावी लागली नाही.

यावरून आमच्या मागण्या तीन आहेत. मागण्या केल्यावाचून आम्हांला भाषण संपविता येत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष समजा.

पहिली : आधी हात, मग समीकरण, आणि मग पुन्हा हात. गणिताचा एकही धडा गाळू नये. त्याचा क्रम बदलावा, आणि परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा की खऱ्या चार्टचा तुकडा देऊन विचारावे, येथे काय झाले असेल?

दुसरी : बिघाड शिकवावा. खबर देणारा खोटे बोलू लागला तर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून झाल्यावरही चूक साचत राहिली तर, यंत्राने हात सोडला आणि माणसाने धरला त्या क्षणी काय होते, हे प्रश्न पुस्तकाच्या शेवटी नव्हे, पहिल्या महिन्यात यावेत. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने इंडोनेशियात आणि इथिओपियात पडली आणि ३४६ माणसे मेली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक व्यवस्था त्यात होती. ती एकाच संवेदकाच्या शब्दावर विश्वास ठेवीत असे, आणि तो संवेदक खोटे सांगत होता. पहिल्या अपघातापूर्वी ही व्यवस्था विमानात आहे हेच वैमानिकांना दिलेल्या माहितीपुस्तकात सांगितलेले नव्हते. चक्रात माणूस होता, पण चक्र आखणाऱ्यांनी तो हिशेबात धरला नव्हता.

तिसरी : विद्यार्थ्याने यंत्रावरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलावयास शिकावे. अभियांत्रिकी शिक्षण मराठीतून देण्यास २०२१ साली परवानगी मिळाली, हे चांगले झाले. पण परिभाषेचे कोश पुरे पडणार नाहीत. ‘झुलणे’, ‘शिकार धरणे’, ‘हात जड होणे’ हे शब्द दुकानखात्यात आज जिवंत आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या यंत्रचालकाजवळ एक पाळी बसून त्याचे शब्द टिपून आणावेत, आणि वर्गात त्यांना पुस्तकातले शब्द जोडावेत. एवढ्याला पैसा लागत नाही.

एक शेवटची गोष्ट. या शास्त्राला सायबरनेटिक्स हे नाव देणारा नॉर्बर्ट वीनर मोठा गणिती होता. १९५५-५६ मध्ये तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतही येऊन राहिला होता. त्याने १९४९ साली अमेरिकेतील मोटार-कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांना आपण होऊन पत्र लिहिले. स्वयंचलित यंत्रांचे हे शास्त्र कारखान्यांत शिरले की माणसे बेकार होतील, कारखानदार आपल्याकडे सल्ला मागत आहेत आणि तो देण्यास आपण तयार नाही, युनियनने यात वेळीच लक्ष घालावे, असा त्या पत्राचा आशय होता. एक गणिती एका कामगार पुढाऱ्याला लिहितो, यात आम्हांला मोठा बोध वाटतो. प्रत्येक कंट्रोलरवर एक काटा असा असतो की त्यावर ‘हवे ते मूल्य’ लावावयाचे असते. ते मूल्य कंट्रोलर ठरवीत नाही, समीकरण ठरवीत नाही. ८५० अंश कोणी ठरविले, पट्ट्याचा वेग मिनिटाला किती हे कोणी ठरविले, आणि ते ठरविताना पट्ट्यावर उभ्या असलेल्यांना विचारले काय, हा प्रश्न आम्ही युनियनच्या दारात उभे राहून विचारतोच. तो वर्गातही विचारला जावा. मास्तरांनी उत्तर देऊ नये हवे तर, पण प्रश्न फळ्यावर लिहावा.

आमचा तो सहकारी आज सभेला येणार होता. प्रकृतीमुळे आला नाही. निघताना त्याच्याकडे गेलो होतो. काय सांगू लोकांना, असे विचारले. तो म्हणाला, “नळी बदलली की भट्टीवाल्याला सांगा म्हणावं.” आम्ही तासभर जे बोललो त्यात याहून अधिक काही नाही.